कॅथरीनाबाई ल्यूथर यांचा संसार

मार्टिन ल्यूथर यांचे नाव ज्यास ठाऊक नाही असा मनुष्य आमच्या मंडळ्यांत क्वचितच सापडेल. १५१७ साली त्यांनी विटेनबर्ग येथे क्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध ९५ सिद्धान्त मांडले व पुढे पवित्र शास्त्र जर्मन भाषेत आणले, या गोष्टी मुलेदेखील जाणतात. परंतु त्या घरची चूल कोण पेटवीत असे, देणेकऱ्यांस कोण तोंड देत असे, आणि आल्यागेल्यास त्या घरी पानावर बसावयास कोणामुळे मिळे, हे फारसे कोणी विचारीत नाही. ते सर्व काम त्यांच्या पत्नी कॅथरीनाबाई यांचे होय. त्यांच्यापुढे कोणाचा कित्ता नव्हता. पश्चिमेकडील मंडळीत कित्येक शतके धर्मगुरूंस विवाहाची मनाई होती. ल्यूथर यांच्या आधी त्यांच्या पक्षाच्या काही जणांनी लग्ने केली होती खरी, पण ती घरेही नवीनच होती. पाळकाच्या घरी उजळ माथ्याने पत्नी व मुले नांदावी, हे लोकांच्या डोळ्यांस सवयीचे नव्हते.

बाईंचा जन्म १४९९ च्या जानेवारीत साक्सनी प्रांतातील एका खालावलेल्या सरदार घराण्यात झाला. आई लवकर वारली आणि मुलीस मठातील शाळेत धाडण्यात आले. तेथून ती निम्बशेन येथील मठात गेली, व १५१५ साली तिने मठवासिनीचे व्रत घेतले. तिला कोणी विचारून तेथे घातले नव्हते. ल्यूथर यांचे लेख मठाच्या भिंतीआड पोहोचल्यावर काही मठवासिनींस बाहेर पडण्याची तळमळ लागली. १५२३ साली ईस्टरच्या आदल्या रात्री १२ जणी निघाल्या. मठास माल पुरविणारा तोर्गाउ गावचा व्यापारी कोप्पे याने आपल्या गाडीतून त्यांस पळविले. त्या खाऱ्या माशांच्या पिंपांत दडून आल्या असे सांगतात, पण ही गोष्ट मागाहून रंगविलेली दिसते. त्यांपैकी ९ जणी विटेनबर्ग येथे आल्या. कोणी माहेरी परतल्या, कोणाची लग्ने झाली. कॅथरीनाबाई मात्र मागे राहिल्या. न्युरेनबर्गच्या एका तरुणाशी त्यांचे मन जडले होते, पण त्याच्या घरच्यांस पळून आलेली मठवासिनी सून म्हणून नको होती. दुसरे एक स्थळ ल्यूथर यांनी सुचविले, ते बाईंनी साफ नाकारले, आणि लग्न करावयाचे तर खुद्द ल्यूथर यांच्याशी किंवा त्यांचे मित्र आम्सडॉर्फ यांच्याशीच करीन असे कळविले. त्या काळी आश्रितासारख्या राहणाऱ्या मुलीने असे बोलणे हे लहान धैर्य नव्हे.

१३ जून १५२५ रोजी विवाह झाला. ल्यूथर ४१ वर्षांचे, बाई २६ वर्षांच्या. तो काळ शेतकऱ्यांच्या बंडाचा होता. हजारो शेतकरी मारले जात होते, आणि ल्यूथर यांनी त्यांच्याविरुद्ध फार कठोर लिहिले होते. अशा वेळी लग्न काढल्याबद्दल मित्रांनीही नाक मुरडले. शत्रूंनी तर संन्यासी व संन्यासिनी यांच्या पोटी ख्रिस्तविरोधी जन्मास येणार अशी भविष्ये केली.

जुना ओसाड मठ हेच त्यांचे घर झाले. लग्नापूर्वी ल्यूथर यांचे अंथरूण वर्षभर कोणी झाडले नव्हते, घामाने ते कुजले होते, हे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले. बाईंनी तो मठ झाडून, सारवून, दुरुस्त करून राहण्याजोगा केला. त्या पहाटे ४ वाजता उठत. परसात भाजीपाला, फळझाडे, मासे पाळण्याचे तळे, गोठ्यात गाई, खुराड्यात कोंबड्या, डुकरे, हा सर्व पसारा त्या पाहत. घरचे पेय म्हणून यवाची बिअरही त्याच करीत. आमच्या मंडळ्यांत दारूबंदीचा आग्रह असल्यामुळे वाचकांस याचे आश्चर्य वाटेल, पण त्या देशी ते रोजच्या जेवणातले पेय होते. पुढे १५४० साली झुल्सडॉर्फ येथील लहानशी शेतवाडी भावाकडून घेऊन त्या तिकडेही जाऊन राहत. पत्रांत ल्यूथर त्यांस थट्टेने धनी म्हणून संबोधीत. थट्टा असली तरी हिशेबाच्या बाबतीत ती खरीच होती.

हिशेब बाईंस पाहणे भाग होते, कारण ल्यूथर यांच्या हाती पैसा टिकत नसे. छापणाऱ्यांपासून ते आपल्या पुस्तकांबद्दल काही घेत नसत, आणि दारी आलेल्यास घरातील चांदीचे भांडेही उचलून देत. एकदा मित्रास द्यावयाचे भांडे बाईंनी लपवून ठेविले, व ल्यूथर यांनी तसे त्या मित्रास पत्रात कळविले! आमच्यात पुष्कळांस असे वाटते की दान देणारा तो विश्वासाचा व हिशेब ठेवणारा तो संसारी. आम्हांस तसे वाटत नाही. त्या घरी रोज २०-३० माणसे जेवत. ल्यूथर यांच्या वारलेल्या बहिणींची मुले, बाईंची आत्या, प्लेगात पोरकी झालेली लेकरे, परदेशाहून पळून आलेले उपदेशक, आणि पैसे देऊन राहणारे विद्यार्थी. विद्यार्थ्यांचे पैसे वेळेवर मागणे हे बाईंच्याच वाट्यास येई, आणि म्हणून लोभी व मानी असा बोल त्यांस लागला. मागितले नसते तर पोरक्या लेकरांच्या ताटात काय पडले असते?

त्या घरची उपासना या गडबडीतच चाले. १५२९ साली ल्यूथर यांनी लहान प्रश्नोत्तरावली प्रसिद्ध केली. तीत दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना इत्यादि विषय घरच्या कर्त्याने आपल्या मुलामाणसांस सोप्या रीतीने शिकवावे अशी योजना असून, सकाळसंध्याकाळच्या व जेवणाच्या प्रार्थनाही दिल्या आहेत. ती लिहिणाऱ्याच्या घरात त्या वेळी लहान मूल होते, हे विसरू नये. जेवणानंतर गायन होई, व ल्यूथर स्वतः वीणेसारखे वाद्य वाजवीत. १५३५ साली, येत्या ईस्टरपर्यंत सबंध शास्त्र वाचून काढल्यास ५० गुल्डन देऊ, असे त्यांनी बाईंस सांगितले. गाईगुरे व स्वयंपाक सांभाळून बाई वाचीत बसत. भोजनाच्या वेळी शास्त्राविषयी बोलणे निघाले म्हणजे बाईही पंडितांच्या देखत आपले मत सांगत.

दुःखापासून ते घर सुटले नाही. १५२७ साली प्लेग आला. विद्यापीठ दुसरीकडे गेले, पण ल्यूथर हलले नाहीत. बाई गरोदर असता घराचे रुग्णालय झाले. त्या डिसेंबरात जन्मलेली एलिझाबेथ ८ महिन्यांची होऊन वारली. १५४२ च्या सप्टेंबरात १३ वर्षांची माग्दालेना आजारी पडली, आणि बापाच्या हातांत तिने प्राण सोडला. आई त्याच खोलीत होती, पण दुःखाने तिला बिछान्याजवळ उभे राहवेना, ती दूर रडत उभी होती. अशा वेळी दूर उभी राहणारी आई विश्वासात कमी असे आम्ही म्हणणार नाही. सहा मुलांपैकी चार उरली.

त्याच वर्षी ल्यूथर यांनी मृत्युपत्र केले. साक्सनीच्या कायद्याप्रमाणे विधवेवर पुरुष पालक नेमावा लागे, व मिळकतीचा थोडाच भाग तिला मिळे. ल्यूथर यांनी सर्व काही बाईंच्या स्वाधीन केले, मुलांचे पालकही त्यांनाच ठरविले. मुलांनी आईच्या तोंडाकडे पाहावे, आईने मुलांच्या हाताकडे नव्हे, असा त्यांचा हेतू होता. पण वकिलांवर विश्वास नसल्यामुळे त्यांनी ते कायद्याच्या रीतीने केले नाही. १८ फेब्रुवारी १५४६ रोजी ते वारले, आणि त्या चुकीचे फळ बाईंच्या पदरी आले. राजाचे प्रधान ब्रुक यांनी मृत्युपत्राविरुद्ध खटपट केली. मुलगे आईपासून काढून निरनिराळ्या ठिकाणी ठेवावे, व आणखी शेतवाडी बाईंस घेऊ देऊ नये, असा त्यांचा सल्ला होता. राजाने मृत्युपत्र मान्य केले, तरी पालक नेमलेच. बाईंनी मुले सोडली नाहीत, आणि शेतवाडीही घेतली.

पुढे लढाई आली. १५४६ व १५४७ साली बाईंस मुलांसह दोनदा मागडेबुर्गकडे पळावे लागले. परत येतात तो शेते उजाड व गुरे नाहीशी झालेली. त्यांनी कर्ज काढले, पुन्हा खोल्या लावून विद्यार्थी ठेविले. डेन्मार्कच्या राजास मदतीसाठी विनंतिपत्रे लिहिली. ज्यांनी एके काळी त्या घरचे अन्न खाल्ले त्यांपैकी फारच थोडे मदतीस धावले.

१५५२ साली विटेनबर्ग येथे पुन्हा प्लेग शिरला. बाई धाकट्या मुलांस घेऊन तोर्गाउकडे निघाल्या. वाटेत घोडे उधळले, त्या गाडीबाहेर पडून खड्ड्यातील गार पाण्यात गेल्या. तेव्हापासून अंथरूण धरले, ते सुटले नाही. २० डिसेंबर १५५२ रोजी ५३ वर्षांच्या असता तोर्गाउ येथे त्यांचा अंत झाला, व तेथील मरियेच्या मंदिरात त्यांस पुरले. थोरला हान्स कायदेपंडित झाला, पाउल नामांकित वैद्य झाला, मार्गारेटेचे १५५५ साली एका सरदाराशी लग्न झाले. १५६४ साली वारसांनी ते घर विद्यापीठास विकले. आता तेथे संग्रहालय आहे. १५४० साली बसविलेला दगडी दरवाजा अजून उभा असून, त्याच्या दोन्ही बाजूंस येणाऱ्याने टेकावे म्हणून दगडी बैठका आहेत.