मेजर व्हिटल

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात चिकपी फॉल्स या गावी २२ नोव्हेंबर १८४० रोजी डॅनियल वेब्स्टर व्हिटल यांचा जन्म झाला. तरुणपणी ते शिकागो शहरी नोकरीस गेले व यादवी युद्ध पेटल्यावर इलिनॉयच्या ७२ व्या पायदळ पलटणीत दाखल झाले. निघताना आईने त्यांच्या झोळीत नव्या कराराचे पुस्तक घातले. ते तसेच पडून राहिले.

पुढे जखमी होऊन इस्पितळात पडले असता, वाचावयास दुसरे काही नाही म्हणून त्यांनी ते उघडले. तारणाचा मार्ग कळला, परंतु निश्चय होईना. अशात एके रात्री इस्पितळातील चाकराने त्यांस उठविले. एक शिपाई पोर मरणाच्या दारी होते व कोणी प्रार्थना करावी म्हणून विनवीत होते. आपणास प्रार्थना येत नाही, असे व्हिटल यांनी सांगितले. पण चाकराने त्यांस शास्त्र वाचताना पाहिले होते, आणि त्याला तेवढे पुरे होते.

खाटेशी गुडघे टेकल्यावर मोठाच पेच पडला. ज्याने स्वतः क्षमा मागितली नाही, त्याने दुसऱ्यासाठी ती कशी मागावी? म्हणून व्हिटल यांनी आधी आपलीच पापे पदरी घेतली, ख्रिस्ताने क्षमा केली असा विश्वास धरला, आणि मग त्या मुलासाठी रदबदली केली. मुलाने त्यांचा हात घट्ट धरला होता. ते उठले तेव्हा त्याचा प्राण गेला होता, परंतु मुद्रा शांत होती. तो स्वर्गात आपणास भेटेल, अशी त्यांची आशा होती.

युद्धानंतर ते एल्जिन घड्याळ कंपनीचे खजिनदार झाले. ही मानाची जागा त्यांनी मूडी यांच्या आग्रहावरून १८७३ साली सोडली व ते सुवार्तिक झाले. बायकोमुले असता हे करणे सोपे नव्हे, हे आमच्या बंधूंस सांगावयास नको. त्यांचे गायक सोबती ब्लिस हे २९ डिसेंबर १८७६ रोजी अ‍ॅश्टाब्युला येथील आगगाडीच्या अपघातात पत्नीसह मरण पावले. तरी काम थांबले नाही. मॅकग्रॅनहान सोबतीस आले.

व्हिटल यांनी एल नाथान या नावाने पुष्कळ गीते रचिली. २ तीमथ्य १:१२ वरील गीतात, आपणास काय काय कळत नाही हेच ते कडव्यामागून कडवे सांगतात. ज्यावर भरवसा ठेवला तो मात्र ओळखीचा आहे. यहेज्केल ३४:२६ वरील गीत आशीर्वादाच्या सरींचे आहे. ते समजावयास मृगाची वाट पाहणाऱ्या कुणब्यास टीकाग्रंथ नको.

१८९८ साली स्पेनशी युद्ध जुंपले, तेव्हा हा वृद्ध मेजर पुन्हा छावण्यांत शिपायांमध्ये गेला. त्या श्रमाने प्रकृती ढासळली, आणि ४ मार्च १९०१ रोजी नॉर्थफील्ड येथे ते प्रभूकडे गेले.