गुरजाडा अप्पाराव : मुलींच्या बाजारावर नाटक लिहिणारा शिक्षक

हुंडा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुलीचा बाप कर्जात बुडालेला येतो. पण सव्वाशे वर्षांपूर्वी आंध्रात, विशेषतः ब्राह्मण घरांत, उलटी चाल होती. म्हातारा नवरदेव पैसे मोजायचा आणि मुलीचा बाप ते घ्यायचा. याला तिकडे कन्याशुल्कम् म्हणत. आपल्याकडचं जुनं देज किंवा कन्याविक्रय म्हणा. शुल्क जितकं जास्त तितका नवरा म्हातारा, आणि मुलगी दहा-बारा वर्षांची होईतो विधवा!

या चालीवर ज्यांनी घाव घातला ते गुरजाडा अप्पाराव. जन्म 21 सप्टेंबर 1862, विशाखापट्टणम जिल्ह्यातल्या रायवरम गावी. शिक्षण विजयनगरम संस्थानात झालं. 1884 मध्ये तिथल्याच हायस्कुलात महिना 25 रुपयांवर शिक्षक म्हणून लागले, पुढे बी.ए. होऊन कॉलेजात शिकवू लागले. लेखनाची सुरुवात मात्र इंग्रजी कवितेपासून. मातृभाषेकडे ते नंतर वळले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

विजयनगरमचे महाराज आनंद गजपती यांचा त्यांच्यावर लोभ होता. या महाराजांनी जिल्ह्यातल्या ब्राह्मणांमधली शुल्क घेऊन झालेली लग्नं मोजून घेतली होती. तीन वर्षांत 1034 लग्नं निघाली. त्यातल्या 99 मुली पाच वर्षांच्या, 36 तीन वर्षांच्या, आणि तीन तर अवघ्या एक वर्षाच्या. त्या तान्ह्या बाळांचा दर 350 ते 400 रुपये. आता वर लिहिलेला पगार आठवा. अप्पारावांसारख्या पदवीधर होऊ घातलेल्या मास्तरला एवढे पैसे मिळवायला चौदा-सोळा महिने लागले असते! गणिताच्या तासाला हा एक भागाकार मुलांकडून जरूर करून घ्या.

1892 साली 'कन्याशुल्कम्' हे नाटक रंगमंचावर आलं, 1897 ला छापलं गेलं. 1909 मध्ये अप्पारावांनी ते जवळजवळ नव्याने लिहिलं. आपल्या देवलांचं 'संगीत शारदा' 1899 चं, म्हणजे दोन्ही नाटकं एकाच काळातली. विषयही भावंडांसारखे. कांचनभट आणि भुजंगनाथ आपल्याला ठाऊकच आहेत. तिकडे बाप आहे अग्निहोत्रावधानलू आणि म्हातारा नवरदेव लुब्धावधानलू. थोरली मुलगी बुच्चम्मा आधीच अशी विकली जाऊन विधवा झालेली, तरी बाप धाकट्या सुब्बीचा सौदा करायला निघतो. आई विरोधात विहिरीत उडी घेते. तिला वाचवतात, पण बाप ढिम्म हलत नाही. शेवटी मामा युक्ती करतो. आपल्या शिष्याला मुलीचे कपडे घालून तोच म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधतो. प्रेक्षक पोट धरून हसतात, आणि हसता हसता त्यांना कळतं की आपण कशाला हसतोय.

मला स्वतःला सर्वांत आवडते ती मधुरवाणी. ती वेश्या आहे. त्या काळात सुधारक मंडळी अशा बायकांना दारात उभं करायला तयार नव्हती. अप्पारावांनी मात्र नाटकातली सगळ्यात जास्त अक्कल तिला दिली. सुब्बीची सुटका तिच्या मदतीशिवाय झालीच नसती. आणि जो इंग्रजी झाडतो, विधवाविवाहावर भाषणं ठोकतो, तो गिरीशम निघतो पक्का लबाड! सुधारणेच्या बाजूने लिहिताना ढोंगी सुधारकाची टोपी उडवायची, याला धाडस लागतं.

हे सगळं त्यांनी लिहिलं बोलीत. ज्याची जशी जात, जसं शिक्षण, तशी त्याची भाषा. तेव्हा तेलुगू पुस्तकं ग्रांथिक भाषेत असायची, घरात कुणीही बोलत नाही अशा. शाळेची पुस्तकं बोलत्या भाषेत हवीत म्हणून गिडुगु राममूर्ती झगडत होते, अप्पाराव त्यांच्या सोबत उभे राहिले. 1914 मध्ये मद्रास विद्यापीठाच्या समितीत बहुमत ग्रांथिकाकडे होतं, तरी त्यांनी आपलं वेगळं मत सविस्तर लिहून दिलं. हरले. पाठ्यपुस्तकं पुढे कित्येक वर्षं तशीच राहिली. घरी वेगळी बोली बोलणारं लेकरू पहिलीत येऊन गप्प बसतं, हे आपण रोज बघतो, त्यामुळे त्या भांडणाचं मोल आपल्याला वेगळं सांगायला नको.

'पूर्णम्मा' या त्यांच्या कवितेत पुजाऱ्याची पोर म्हाताऱ्याला दिली जाते. ती भावांचा निरोप घेते, घरात पुढे जन्मणाऱ्या एखाद्या गोड मुलीला माझं नाव द्या असं सांगून ठेवते आणि देवळाजवळच्या तळ्याकडे जाते. परत येत नाही. 1910 च्या 'दिद्दुबाटु' कथेतली कमलिनी मात्र मरत नाही. नाचगाण्यात रात्र घालवून घरी आलेल्या नवऱ्यासाठी ती चिठ्ठी लिहून ठेवते आणि स्वतः लपून बसते. नवऱ्याची चांगलीच भंबेरी उडते. तिला लिहिता येत होतं म्हणून ही कथा घडली, एवढं मुलींच्या पालकांच्या लक्षात आणून द्यावंसं वाटतं.

30 नोव्हेंबर 1915 ला वयाच्या 53 व्या वर्षी अप्पाराव गेले.

'दिद्दुबाटु' ही तेलुगूतली पहिली आधुनिक लघुकथा, असं बरीच वर्षं पुस्तकांत छापलं जात होतं. पण त्याच्या आठ वर्षं आधी, 1902 मध्ये, 'हिंदू सुंदरी' या मासिकात 'धनत्रयोदशी' नावाची कथा आली होती. तिची लेखिका बंडारू अच्चमांबा. शाळेत कधी न गेलेली, भावाच्या मदतीने शिकलेली बाई. तिचा हा भाऊ कोमर्राजू लक्ष्मणराव शिकला आपल्या नागपुरात, आणि त्याला मराठी उत्तम यायची. तिच्यावर पुढचा लेख लिहिते आहे.