सिस्टर मेरी केनेथ केलर : संगणकाच्या वर्गातील धर्मभगिनी



सुट्टी जवळ आली की काही पालक भेटतात आणि विचारतात, मुलाला संगणकाच्या प्रोग्रामिंगच्या क्लासला घालावे का, पुढे नोकरीला त्याचा उपयोग होईल का. मुलीविषयी मात्र हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. याचे उत्तर मी देण्यापेक्षा आज तुम्हाला एका धर्मभगिनीची ओळख करून देतो.

१७ डिसेंबर १९१३ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, क्लीव्हलँड शहरी इव्हलिन केलर यांचा जन्म झाला. १९३२ साली त्या 'सिस्टर्स ऑफ चॅरिटी ऑफ द ब्लेसेड व्हर्जिन मेरी' या संस्थेत दाखल झाल्या. डब्लिनहून आलेल्या मदर मेरी फ्रान्सिस क्लार्क यांनी १८३३ साली फिलाडेल्फियात स्थापन केलेली ही संस्था. मुलांना शिकवणे हेच तिचे मुख्य कार्य. १९४० साली व्रते घेऊन इव्हलिन सिस्टर मेरी केनेथ झाल्या. शिकागोच्या डी पॉल विद्यापीठातून त्यांनी १९४३ साली गणिताची पदवी आणि १९५३ साली पदव्युत्तर पदवी मिळवली.

इथवरची कहाणी एखाद्या चांगल्या गणित शिक्षिकेची आहे. वळण आले ते १९६१ च्या उन्हाळ्यात. डार्टमथ कॉलेजात शिक्षकांसाठी संगणकाचा वर्ग भरला होता, तिथे सिस्टर विद्यार्थिनी म्हणून गेल्या. त्यांचे वय तेव्हा ४७ होते. पुरुषांचेच मानले जाणारे हे नवे क्षेत्र त्यांना इतके भावले की त्यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात संशोधनाला सुरुवात केली. ७ जून १९६५ रोजी त्यांना संगणकशास्त्रात पीएच.डी. मिळाली. अमेरिकेत या विषयातल्या पहिल्या दोन डॉक्टरेटपैकी ती एक होती. दुसरी त्याच दिवशी अन्य विद्यापीठात एका पुरुष संशोधकाला मिळाली.

त्यांच्या प्रबंधाचा विषय मला फार जवळचा वाटतो. काही उदाहरणे समोर ठेवली तर त्यांमागचा नियम यंत्राला शोधून काढता येईल का, हा तो प्रश्न. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही यालाच विगामी अनुमान म्हणत असू. लहान मूलही असेच शिकते. चार गोष्टी पाहते, नियम बांधते, पाचवी गोष्ट त्यात बसली नाही की नियम दुरुस्त करते.

डॉक्टरेट मिळाल्यावर सिस्टर मोठ्या विद्यापीठात किंवा कंपनीत गेल्या नाहीत. आयोवा राज्यातील डुब्यूक या गावी त्यांच्या संस्थेचे क्लार्क कॉलेज होते. तेव्हा ते मुलींचे छोटे कॉलेज होते. तिथे १९६५ सालीच त्यांनी संगणकशास्त्राचा विभाग सुरू केला आणि सुमारे वीस वर्षे तो सांभाळला. संगणक केवळ इंजिनिअरसाठी नाही, कोणताही विषय शिकणाऱ्याला तो विचार करायला मदत करील, अशी त्यांची धारणा होती. लहान मुले असलेल्या आयांचे शिक्षण थांबू नये म्हणून बाळाला घेऊन वर्गात या, असे त्या सांगत. छोट्या कॉलेजांनाही संगणक वापरता यावा यासाठी त्या झटल्या. १० जानेवारी १९८५ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येऊ. प्रोग्रामिंग म्हणजे यंत्राला एकेक पायरी नेमकी सांगणे. समजा, मुलीने संगणकाला सातचा पाढा लिहायला सांगितले, सातमध्ये सात मिळवत जा असे सांगितले, पण कुठे थांबायचे ते सांगायचे राहिले. यंत्र सत्तरपाशी थांबणार नाही, पुढे लिहीतच राहील. आईला न सांगता कळते, यंत्राला कळत नाही. मग मुलगी आपणच लिहिलेल्या ओळी पुन्हा वाचते, चूक शोधते, दुरुस्त करते. कुणी रागावत नाही, कुणी हसत नाही. मोठे काम लहान तुकड्यांत करणे, जे म्हणायचे ते स्पष्ट म्हणणे आणि आपली चूक यंत्राच्या माथी न मारता स्वतः शोधणे, हा खरा लाभ आहे. नोकरी मिळो न मिळो, तो आयुष्यभर पुरतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून प्रोग्रामिंगची ओळख करून देण्याचे म्हटले आहे. तोवर घरी संगणक नसला तरी हरकत नाही. कागदावर पायऱ्या लिहून घ्याव्यात आणि घरातल्या एकाने यंत्र होऊन त्या तंतोतंत पाळाव्यात. मुलांना मजा येईल आणि विचारालाही शिस्त लागेल. मात्र तासन्‌तास पडद्यापुढे खेळत बसणे म्हणजे संगणक शिकणे नव्हे, हेही लक्षात असू द्यावे.

शेवटी एक विनंती. फीचे पैसे एकाच मुलापुरते असतील, तर तो मुलगा आहे म्हणून त्याचे नाव आधी घालू नका. घरात ज्याला किंवा जिला कुतूहल अधिक, त्याला पाठवा. सिस्टर मेरी केनेथ ४७ व्या वर्षी नव्याने विद्यार्थिनी झाल्या. आपली लेक तर अजून दहा-बारा वर्षांची आहे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू