विलेम आइन्थोव्हेन
हृदयाच्या विद्युत्-आलेखाचे जनक विलेम आइन्थोव्हेन यांचा जन्म १८६० साली जावा बेटातील सेमारांग येथे झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. मातेने मुलांसह हॉलंड गाठले. पंचविसाव्या वर्षी ते लायडेन येथे प्राध्यापक झाले. अतिसूक्ष्म तारेच्या यंत्राने त्यांनी हृदयाच्या विद्युल्लहरी रेखाटल्या. त्यांस पी, क्यू, आर, एस, टी ही नावे त्यांचीच. हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या कंपविकाराचा आलेखही त्यांनी १९०६ साली प्रसिद्ध केला. १९२४ चे नोबेल पारितोषिक त्यांस लाभले. १९२७ साली ते निवर्तले.

आज तो कंप विजेच्या धक्क्याने थांबवितात. क्षणभर स्तब्ध झालेले हृदय मूळ लय धरते. परंतु धक्का ‘टी’ लहरीवर पडल्यास प्राणावर बेतते. म्हणून ‘आर’ लहर साधूनच तो देतात. तो क्षण दाखविणाऱ्या या पुरुषाचे आम्ही कृतज्ञतेने स्मरण करतो.