तारकाचिन्हामागचे गणिती : स्टीफन क्लेनी

लांबलचक मजकुरातून तारखा, दूरध्वनी क्रमांक वा चुकलेले शब्द हुडकायचे झाले, की पायथन असो वा जावास्क्रिप्ट, रेग्युलर एक्स्प्रेशनचीच कास धरावी लागते. या सांकेतिक भाषेचे जनक स्टीफन कोल क्लेनी मात्र मजकुराचा नव्हे, तर मेंदूतील चेतापेशींचा विचार करीत होते.

क्लेनी यांचा जन्म ५ जानेवारी १९०९ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे झाला. वडील अर्थशास्त्राचे प्राध्यापक, आई कवयित्री. प्रिन्स्टन येथे ते अलोन्झो चर्च यांचे विद्यार्थी झाले. चर्च यांच्या नव्या तर्कपद्धतीत संख्यांचे गणित बसवणे, हे त्यांचे काम होते. दिलेल्या संख्येच्या आधीची संख्या कशी मिळवावी, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नापुढे खुद्द गुरूंनीही जवळजवळ हात टेकले होते; त्याचे उत्तर क्लेनींना सुचले ते दंतवैद्याकडे, दाढ काढून घेताना! १९३४ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. पण १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी व सहाध्यायी बार्कली रॉसर यांनी ती तर्कपद्धतीच विसंगत असल्याचे सिद्ध केले. ज्या फांदीवर आपला प्रबंध विसावला आहे, तिच्यावरच कुऱ्हाड चालवण्याचा हा प्रामाणिकपणा विरळाच. त्या पडझडीतून लॅम्डा कॅल्क्युलस तेवढे वाचले आणि संगणनाच्या सिद्धांताचा एक आधारस्तंभ ठरले.

१९३५ पासून मॅडिसनचे विस्कॉन्सिन विद्यापीठ ही त्यांची कर्मभूमी. महायुद्धात नौदलाच्या छात्रांना त्यांनी नौकानयनशास्त्र शिकवले.

१९५१ च्या उन्हाळ्यात रँड संस्थेत असताना मॅकलक आणि पिट्स यांच्या चेताजालाचे गणिती प्रारूप त्यांच्यापुढे आले. असे जाल उद्दीपनांच्या कोणत्या मालिका ओळखू शकेल? क्लेनींनी दाखवले, की पर्याय, क्रम आणि पुनरावृत्ती या तीनच क्रियांनी ज्या घडवता येतात, नेमक्या त्याच. पुनरावृत्तीसाठी त्यांनी तारका योजली. मूळ लेखात ती दोन पदांच्या मध्ये येई. आजचे सुटसुटीत रूप नंतरचे. ‘कख*ग’ या आकृतिबंधात ‘कग’, ‘कखग’, ‘कखखग’ असे सारे बसते, कारण तारका ‘ख’ शून्य किंवा कितीही वेळा येऊ देते. (फाइलींची नावे शोधताना आपण वापरतो ती तारका निराळी, तिच्याशी हिची गल्लत नेहमीच होते.)

हे संशोधन १९५६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. १९६८ मध्ये केन थॉम्प्सन यांनी त्याच आकृतिबंधांवरून मजकूर शोधण्याची रीत मांडली, आणि पुढे युनिक्सच्या ‘ग्रेप’ आज्ञेमुळे ती प्रोग्रामरांच्या हाती आली. चेतापेशी मागे राहिल्या, अक्षरे पुढे आली.

क्लेनी यांनी विद्यापीठात अधिष्ठातापदही भूषवले. गिर्यारोहणाची त्यांना मनस्वी आवड होती. १९९० मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञानपदक मिळाले. २५ जानेवारी १९९४ रोजी मॅडिसन येथे त्यांचे निधन झाले.