शंभर मुलांची आई

मुलांनो, ग्लॅडिस आयलवर्ड यांचे नाव तुम्ही ऐकले आहे का? त्यांचा जन्म १९०२ साली लंडनमध्ये झाला. त्या लोकांच्या घरी मोलकरणीचे काम करत. चीनमध्ये जाऊन सेवा करावी, असे त्यांना फार वाटे. पण अभ्यासात कच्च्या म्हणून मिशनने त्यांना नाकारले. मग त्यांनी पगारातून पैसे साठवले, रेल्वेचे तिकीट काढले आणि त्या एकट्याच निघाल्या!

शान्सी प्रांतातील यांगचेंग गावी त्या खेचरवाल्यांसाठी सराई चालवू लागल्या. एकदा रस्त्यावर एक बाई लहान मुलगी विकताना दिसली. ग्लॅडिसबाईंनी जवळची नाणी देऊन तिला घरी आणले. हळूहळू अनाथ मुलांनी घर भरले.

१९४० मध्ये जपानी सैन्य जवळ आले. तेव्हा सुमारे १०० मुलांना घेऊन त्या पायी निघाल्या. वाट डोंगराची, अन्न थोडे. मोठी मुले लहानांना सांभाळत. पीत नदीवर पोहोचतात तर काय, एकही नाव नाही! मुले भुकेली, मागे शत्रू. तुम्ही काय केले असते? ती सगळी काठावर थांबून राहिली. अखेर चिनी सैनिकांनी त्यांना पार नेले. मुले सुखरूप राहिली. ग्लॅडिसबाई मात्र तापाने कोसळल्या.

त्या बऱ्या झाल्या. पुढे तैवानमध्येही त्यांनी अनाथालय काढले. तेथेच १९७० मध्ये त्यांचे निधन झाले.