व्हेरा मेंचिक: पुरुषांच्या पटावर एकटी

मैत्रिणींनो, बुद्धिबळ हे बायकांचं काम नाही, असं शंभर वर्षांपूर्वी युरोपातही सर्रास म्हटलं जायचं. ते खोटं ठरवलं व्हेरा मेंचिकनं.

व्हेरा १९०६ साली मॉस्कोत जन्मली. वडील चेक, आई इंग्रज. नऊ वर्षांची असताना वडिलांनी तिला बुद्धिबळाचा पट आणून दिला. पुढे रशियात क्रांती झाली, घरची सुबत्ता गेली आणि १९२१ मध्ये आई आणि बहीण ओल्गाबरोबर ती इंग्लंडला आली. इंग्रजी धड येत नव्हतं, त्यातून स्वभाव लाजाळू. पण पटावर बोलावं कुठे लागतं? ती हेस्टिंग्जच्या क्लबात जाऊ लागली. तिथे हंगेरीचे नामवंत खेळाडू गेझा मारोत्सी तिला गुरू लाभले.

बुद्धिबळात पहिली चाल पांढऱ्याची, काळ्यानं उत्तर द्यायचं. काळे मोहरे आले की व्हेराचा भरवसा असायचा जुन्याजाणत्या 'फ्रेंच बचावा'वर. राजापुढचं प्यादं एकच घर सरकवायचं, आधी आपली बाजू भक्कम करायची आणि समोरच्याच्या चुकीची वाट पाहायची. आततायीपणा अजिबात नाही. १९२७ मध्ये लंडनला महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. ११ पैकी १० डाव तिनं जिंकले, एक बरोबरीत सुटला. ते जगज्जेतेपद मरेपर्यंत तिच्याकडेच राहिलं.

१९२९ मध्ये कार्ल्सबादच्या स्पर्धेत २१ पुरुषांत ती एकटी बाई. हिच्याशी जो हरेल त्याला 'व्हेरा मेंचिक क्लब'चा सभासद करू, अशी थट्टा अल्बर्ट बेकर या खेळाडूनं केली. आणि स्वतःच हरून बसला! त्या स्पर्धेत व्हेराचा नंबर शेवटचा आला, पण ती खचली नाही. पुढे जगज्जेता झालेला मॅक्स युवे तिच्याशी दोनदा हरला. अखंड हिंदुस्थानातून गेलेले सुलतान खानही त्या 'क्लबा'त आले.

१९४३ मध्ये पती गेले. जून १९४४ मध्ये लंडनच्या घरावर जर्मन बॉम्ब पडला. आई, ओल्गा आणि व्हेरा, तिघी एकदमच गेल्या. व्हेरा अवघी ३८ वर्षांची होती.

महिलांच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडचा करंडक आज तिच्या नावानं दिला जातो. २०२४ मध्ये बुडापेस्टला तो भारतीय मुलींनी जिंकला. त्यांत आपल्या नागपूरची दिव्या देशमुखही होती. तेव्हा मैत्रिणींनो, घरातली लेक पट मांडून बसली, तर कामाला हाक मारण्याआधी तिचा डाव पुरा होऊ द्या.